गॅलियमचं पोट

१४ जुलै २०२५, सोमवार

चार लाख बारा हजार! सकाळी तोंडात ब्रश, हातात मोबाईल, आणि आरशात पन्नाशीला टेकलेला टकला केमिस्ट्रीचा मास्तर. चार लाख बारा हजार लोकांनी या माणसाला स्वतःच्या पोटावरून हात फिरवताना बघितलंय. बावीस वर्षं लातुरात शिकवून राहिलो, कुत्रं विचारत नव्हतं. पंचावन्न सेकंद पोट दाखवलं तर चौकात पोस्टर लागलं.

रीलमध्ये विशेष काही नाही. आवर्त सारणीतला तेरावा गट — बोरॉन, ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, थॅलियम. पोरांच्या डोक्यात राहत नाही म्हणून माझी ट्रिक: "बाई आली गावाहून इंदूरला थेट." शब्दांची सुरुवात धरायची, गट पाठ. आणि पुढं: "बाई जशी खाली उतरते तसं पोट सुटतं." म्हणजे गटात वरून खाली येताना अणूचा आकार वाढत जातो. इथं मी पोटावरून हात फिरवतो. त्यासाठी वेगळी तयारी करावी लागली नाही, सामान अंगावरच होतं.

पोस्टरवर लिहिलंय "ट्रिक सर". माझं नाव नरसिंग आहे हे आमच्या क्लासचे मालक अमृतराव बहुतेक विसरले. मीही विसरायला तयार आहे. रिक्षावाल्यानं आज ओळखलं आणि पोटाकडं बघून नमस्कार केला.

१६ जुलै, बुधवार

बायकोनं, सिंधुनं, रील आज पहिल्यांदा नीट पाहिली. म्हणे, "चार लाख लोकांच्या आधी मला दाखवायची. खालून तिसरं बटण न्हाई शर्टाला."

२० जुलै, रविवार

महिन्याची टेस्ट झाली. आमच्याकडं या टेस्टवर पोरांचं सगळं ठरतं. एकशे ऐंशी पोरं. पहिली साठ ए बॅचला, बाकीची बी बॅचला. दर महिन्याला चाळणी. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. यादी वॉटर कूलरच्या वर चिकटवतात, त्यामुळं त्या दिवशी पाणी प्यायला कोणी जात नाही. ए बॅचला केमिस्ट्री मी शिकवतो, बी बॅचला शिल्पा मॅडम.

पेपर शिल्पा मॅडमनी काढला. उत्तरांची यादी काढून सही करायचं काम माझं, कारण विभागप्रमुख मी. पण मी होतो गच्चीवर. दुसरी रील चालू होती — फ्लोरीन म्हणजे लग्नातला असा पाहुणा की शेजारच्या ताटातली जिलेबीपण ओढून घेतो. जिलेबी खरी आणली होती. सात टेक झाले. सात जिलेब्या.

हरिओम आमचा कॅमेरावाला, आणि पेपर तपासायचं मशीनही तोच चालवतो. तो म्हणाला, "सर, केमिस्ट्रीची उत्तरं भरली मी. अवघड वाटलं तिथं तुमचीच रील बघितली." कागद पुढं केला. हाताला पाक लागला होता म्हणून दोन बोटांत पेन धरून सही ठोकली. माझी रील बघून उत्तरं भरतात! याला म्हणतात वजन.

२३ जुलै, बुधवार

क्लास सुटल्यावर मी जिन्याखाली टेबल टाकून बसतो. पोरं शंका घेऊन रांग लावतात. याला डाऊट काउंटर म्हणतात. हल्ली निम्मी रांग फोटो काढायला असते, मी ओरडत नाही.

आज रांगेत कहकशां होती. नांदेडच्या टेलरची पोर, इथं होस्टेलवर राहते. माझ्याच ए बॅचची. हसत नाही ही, हे मला आधीपासून खटकतं. म्हणाली, "सर, प्रश्न छत्तीस. गॅलियमचा अणू ॲल्युमिनियमपेक्षा लहान असतो. मी तसंच लिहिलं, तर उत्तरांच्या यादीत ते चूक दिलंय."

मी काय करावं? बोटानं तालच धरला — "बाई आली..." अख्खी रांग गायला लागली. गाणं संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "पण सर, पुस्तकात..."

"बेटा, डाऊट कमी घे, विश्वास जास्त ठेव."

काय टाळ्या पडल्या! घरी येऊन हे वाक्य सिंधुला दोनदा सांगितलं. पुढच्या पोस्टरवर टाकायला अमृतरावांना सुचवावं म्हणतो.

२४ जुलै, गुरुवार

यादी लागली. कहकशां त्रेसष्टावी. तीन मार्कांनी ए बॅच गेली. ती यादीसमोर उभी राहिली, स्वतःचं नाव वाचलं, खालच्या कूलरचं ग्लासभर पाणी प्यायली आणि गेली.

संध्याकाळी घरी पुस्तक काढलं. तिला खोटं पाडायला काढलं, हे इथं कबूल करतो. तक्त्यात बोट ठेवलं. ॲल्युमिनियम एकशे त्रेचाळीस. गॅलियम एकशे पस्तीस.

लहान आहे. गॅलियम लहान आहे. पोर बरोबर आहे.

आणि मला हे माहीत नव्हतं असंही नाही! बावीस वर्षं दरवर्षी फळ्यावर लिहितो — अपवाद, गॅलियम, खाली डबल रेघ. रील काढतानाही बोललो होतो की "फक्त गॅलियमपाशी जरा थांबा, तिथं गंमत आहे." हरिओम म्हणाला होता, "सर, मिनिटाच्या वर गेलं की पब्लिक पळतंय. हे फक्त-बिक्त काढू का?" आणि मी म्हणालो, काढ. बारा सेकंद वाचले. तेच कापलेलं ज्ञान हरिओमनं उत्तरांत भरलं, आणि मी जिलेबीच्या हातानं त्यावर सही केली.

जेवण गेलं नाही. म्हणजे दोन भाकरी गेल्या, तिसरी गेली नाही.

२५ जुलै, शुक्रवार

शिल्पा मॅडम स्टाफरूममध्ये आल्या. त्या पुस्तक एकेक ओळ वाचून घेतात. तक्ते, तळटीपा, काही सोडत नाहीत. त्यांच्या तासाला आम्ही "पारायण" म्हणतो. नाव मीच ठेवलंय.

"सर, छत्तीस नंबर मी मुद्दाम टाकला होता. अपवाद किती जणांच्या लक्षात आहे ते बघायला. बावीस पोरांनी बरोबर लिहिलं. बावीसही जणांना चूक मिळाली."

मी विचारलं, "त्यातले ए बॅचचे किती?"

"चार."

माझ्या साठातले चार! बाकीचे छप्पन पोट सुटलेल्या बाईबरोबर इंदूरला. मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, "बघा. सही तुमची आहे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

२७ जुलै, रविवार

पालक भेटायला येतात तो दिवस. जिन्यात एका माणसानं मला अडवलं. गळ्यात टेप, तसाच दुकानातून उठून बसमध्ये बसलेला. "तुमी ते बाई आलीवाले सर ना? मी कहकशांचा अब्बू. मकबूल. आमच्या गल्लीत समदे बघतेत तुमाला."

मी पोट आत घेतलं.

तो म्हणाला, "पोरगी बी बॅचला गेली, सर. मी तिला आधीच बोललो होतो, ए बॅच असंल तोवर लातूर. बी बॅचला बसायला घर सोडून कशाला ऱ्हायचं? बी बॅच तर नांदेडातबी हाय. घरी अम्मीला मदत व्हती, धाकटीकडं बघणं व्हतं. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, तिची खाट घेऊन जातो."

माझ्या तोंडून निघालं, "ती काय म्हणते?"

"ती म्हणती पेपर चुकला. मी रागावलो तिला. आमच्यात माप चुकलं तर टेलरचं चुकलं, गिऱ्हाइकाला आपण म्हणत न्हाई की तुजं अंग चुकलं. पण तिला म्हणलं, बेटा, ही शिकलेली माणसं हायेत, ह्यांचं कसं चुकंल? तूच चुकली असशील. माफी मागितली का न्हाई तिनं तुमची?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाही कळलं नाही. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. पोरगी मागं तीन पायऱ्या खाली उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मला तिथं बोलता आलं असतं. नळावर हात धुवायला गेलो.

लाज वाटते. एवढंच.

२८ जुलै, सोमवार

काही बोललो नाही. घसा बसलाय असं वर्गात सांगितलं. बसला नव्हता.

२९ जुलै, मंगळवार

अमृतरावांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "नरसिंग सर, तुमच्या तोंडावर ह्या सिझनला ॲडमिशन चालू हायेत. आता चौकात उभं राहून म्हणायचं का, आमचं तोंड चुकलं?" नाव आठवलं म्हणजे त्यांना. चूक झाल्यावर आठवलं.

मग त्यांनीच तोड काढली. यादीला हात लावायचा नाही. त्या पोरीला गुपचूप ए बॅचला बसवायचं, एकसष्टावी खुर्ची टाकून. कोणाला काही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला तर उचलून घ्यावंसं वाटलं त्यांना. पोरगी राहते, बाप खूश, रील शाबूत. जिना उतरताना चक्क शीळ घातली.

३० जुलै, बुधवार

कहकशांला टेबलाजवळ बोलावलं. म्हटलं, "उद्यापासून ए बॅचला बस. तुझ्यासाठी खास सोय केली."

"माझे मार्क वाढले का, सर?"

"मार्कांचं काय घेऊन बसलीस. खुर्ची मिळाली ना?"

"मार्क नाही वाढले तर मी कशी काय आले म्हणून पोरी विचारतील. अब्बू पण विचारतील. मी काय सांगू, सरांनी मेहेरबानी केली?" मग हळू म्हणाली, "मी बरोबर लिहिलं होतं, सर. मला मेहेरबानी नको. ते पाच मार्क पाहिजेत."

चार मिळायचे ते गेले, वर एक वजा. पाच. हिशोबही बरोबर पोरीचा.

शीळ घालणाऱ्या माणसाला त्याच जिन्यात वर चढताना धाप लागली.

३१ जुलै, गुरुवार

सिंधु चहा घेऊन आली. विचारलं, "आठ दिवस झाले, काय लिहून राहिलात एवढं?" सांगितलं तिला. पूर्ण. पोराबाळांसमोर चोरी पकडल्यासारखं झालं.

ती म्हणाली, "चूक तुमची हाय का?"

"हाव."

"मग वहीला काय सांगता? वही काय यादी बदलणार हाय?"

चहा गार झाला. तिनं परत गरम करून दिला नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

केलं एकदाचं.

दोन्ही बॅच खालच्या हॉलमध्ये बसवल्या. अमृतराव उदगीरला गेले होते — मी त्यांच्या पाठीमागंच हे केलं, शूर वगैरे काही नाही. शिल्पा मॅडम दारात उभ्या होत्या. मी माईक घेतला तर पोरांनी "बाई आली" सुरू केलं. एकशे ऐंशी गळे. थांबवता थांबेनात. म्हटलं, "थांबा रे. ती बाई चुकीच्या गाडीत बसली." हसले. त्यांना वाटलं नवी ट्रिक.

मग हसणं थांबेपर्यंत थांबलो. लई वेळ लागला. सांगितलं, प्रश्न छत्तीसचं उत्तर चुकीचं छापलं. चूक हरिओमची नाही, माझी. मी न वाचता सही केली. आणि रीलमधनं अपवाद मी काढायला लावला, कारण मला लांबी कमी पाहिजे होती. एका मुलीनं येऊन विचारलं तेव्हा मी तिला गाणं ऐकवलं. तिचं नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. ती वहीत बघत होती.

फळ्यावर गॅलियम लिहिला, खाली डबल रेघ. समजावलं. ॲल्युमिनियम आणि गॅलियमच्या मध्ये दहा जादा इलेक्ट्रॉन येऊन बसतात, आतल्या कक्षेत. त्यांचं काम बाहेरच्या इलेक्ट्रॉनना केंद्राच्या ओढीपासून आडोसा देणं. पण हे दहा जण म्हणजे मांडवात नुसते उभे असलेले पाहुणे, वाढायला एकाचाही उपयोग नाही. आडोसा कमी पडतो, केंद्र बाहेरच्यांना आत ओढून घेतं, आणि अणू आक्रसतो. म्हणून गॅलियमचं पोट सुटत नाही. माझंच सुटलं.

शेवटचं वाक्य बोललोच. जित्याची खोड.

मग ए बॅचचं एक पोरगं उभं राहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, त्याला खरंच कळत नव्हतं. "सर, म्हणजे ज्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला त्याचे पाच मार्क गेले का?"

हाव, म्हणालो. दुसरं काय म्हणू?

२ ऑगस्ट, शनिवार

नवी यादी लागली. नऊ जण वर, नऊ जण खाली. कहकशां अठ्ठेचाळिसावी. खाली गेलेल्यांपैकी तिघांच्या घरून फोन. एकाच्या आईनं माझ्या आईचीही चौकशी केली.

अमृतराव दोन शब्द बोलले. ते इथं लिहीत नाही, सिंधु वही वाचते असा आता संशय आहे. जुनी रील काढली. नवी टाकली, गॅलियमसकट, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांची. आत्तापर्यंत तीनशे चाळीस लोकांनी बघितली. त्यात मी चार वेळा.

चौकातलं पोस्टर उतरलं. तिथं गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली. फोटोतला माणूस माझ्यापेक्षा बारीक आहे.

३ ऑगस्ट, रविवार

मकबूलभाई टेम्पो घेऊन आले होते, खाट बांधायला सुतळीसकट. कूलरवरच्या यादीसमोर चष्मा लावून उभे राहिले. अठ्ठेचाळीसवर बोट ठेवलं, मोबाईलमध्ये फोटो काढला, मग परत एकदा बोट ठेवून पोरीला म्हणाले, "तुजंच नाव हाय ना हे? कहकशां दुसरी कोण न्हाई ना इथं?"

मी पुढं झालो. म्हटलं, "मकबूलभाई, चूक माझी होती. पोरीची नव्हती. तिनं माफी मागायची काही गरज नव्हती, मीच मागतो."

मला वाटलं आता काहीतरी लागणारं बोलतील, मी तयार होतो. पण ते पोरीकडं वळले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी उगीच रागावलो का गं तुला?" ती रडली. मी पहिल्यांदाच पाहिलं तिला रडताना. टेम्पो रिकामाच परत गेला, सुतळी तेवढी होस्टेलच्या बाईंना देऊन गेले, कपडे वाळवायला.

आज बरं वाटतंय. आठ-दहा दिवसांनी पोटभर जेवलो. उद्या ए बॅचचा तास आहे. तीच पहिल्या बाकावर असणार, म्हणून आज दुपारभर बसून नवं टिपण काढलं. सोळाव्या गटापर्यंतचे सगळे अपवाद, एकही ट्रिक नाही. सिंधुनं शर्टाला बटण लावून दिलं. उद्या हा शर्ट घालतो.

४ ऑगस्ट, सोमवार

पहिल्या बाकावरची जागा रिकामी. तास संपल्यावर कहकशां टेबलाशी आली, अर्ज घेऊन. बी बॅचला बसायची परवानगी मिळावी. मी म्हणालो, अगं, आत्ता तर वर आलीस, अब्बूंना काय सांगशील? म्हणाली, "अब्बूंना आधीच विचारलं, सर. ते म्हणले नंबर तुझा हाय, कुठं बसायचं ते तू बघ. शिल्पा मॅडम पुस्तक वाचून घेतात." सही करून दिली. दारापर्यंत गेली, परत आली. मला वाईट वाटू नये म्हणून आली असावी.

"तुमच्या तासाला लई मजा येते, सर. पण मला डॉक्टर व्हायचंय."